तिसऱ्या दिवसाची बैठक

क्लेम विभागाचं प्रमुखपद मलाच मिळणार, असं मी धरून चाललो होतो. जयपूरच्या आमच्या विमा ऑफिसात मला पाच वर्षं झाली होती. स्पर्धेत दुसरी होती ती विभागातलीच एक सहकारी. ती नागपूरची, दोनच वर्षांपूर्वी आलेली, पण दुपारी डबे उघडले की सगळे तिच्याच टेबलाभोवती. माझ्या टेबलाशी माणसं यायची ती सही घ्यायला. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात आमच्या हेडक्लार्कचे वडील जवळच्या चौमूं गावी वारले. इकडे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'तीये की बैठक' असते. माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात, घटकाभर मुकाट्याने बसतात आणि उठून जातात.

"चलता का सर? सगळेच चालले," ती माझ्यापाशी येऊन म्हणाली.

"मी मेसेज केलाय. ऑफिस कोणीतरी सांभाळायला नको?"

सगळे गेले. मी एकट्याने तुंबलेली प्रकरणं हातावेगळी केली. साहेबांच्या डोळ्यांत भरेल, एवढाच हेतू. ही बाई मात्र मिरवायला गेली, असं मनातल्या मनात म्हणूनही घेतलं.

महिन्याभरात खुर्ची तिला मिळाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं, "मॅडम की सबसे बनती है. आप तो फाइलों के आदमी हो." मी हसून मान डोलावली. तिने दिलेला पेढा तोंडात टाकला आणि पुढची फाइल उघडली. त्यानंतर कामापुरतंच बोलायचं ठरवलं.

त्या हिवाळ्यात माझी आई गेली. आमच्याकडे अशी बैठक नसते, त्यामुळे कुणाला काही कळवलं नाही. रजेचा अर्ज तेवढा तिच्याकडे पाठवला.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता दुर्गापुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. अख्खं ऑफिस जिन्यात उभं होतं, पांढऱ्या कपड्यांत. खुर्च्या कमी पडल्या, मग सतरंजी अंथरली. हेडक्लार्क माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ती आत माझ्या बायकोजवळ गेली. तीन दिवस न रडलेली बायको तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

मला भरून यायला हवं होतं. आलंही थोडं. पण आईच्या फोटोसमोर बसून मी एकेकाचं तोंड न्याहाळत होतो. यातलं माझ्यासाठी कोण आलंय, आणि तिने सांगितलं म्हणून कोण?