पुणे विमानतळ ते मुंबई विमानतळ : साडेतीन तास

साडेचार वाजले होते आन् गाडी खंडाळ्याच्या घाटात उभी होती. पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर. मागच्या सीटवर नसरीन. साडेसातला मुंबईहून तिचं दुबईचं विमान.

नसरीन म्हणजे यवतला आमच्या शेजारच्या रफिकभाईंची मुलगी. नर्स आहे. दुबईच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. नागपूरची परीक्षा उरकून ती विमानानं पुण्याला उतरली, विमानतळावरच आलेल्या आईबापाला भेटली, त्यांनी आणलेली बॅग घेतली आन् माझ्या गाडीत बसली.

विमान साडेसातचं असलं तरी बॅग घेणारं काउंटर तासभर आधी बंद होतं. म्हणजे खरी वेळ साडेसहा.

तिकीट काढायच्या आधी तिनं मला विचारलं होतं, "आप्पा, ह्या विमानतळावरून त्या विमानतळावर किती वेळ धरू? मोबाईल पाच तास दाखवतोय. रात्री अकराचं पण विमान हाय."

"मोबाईल कवा घाट उतरलाय का? साडेतीन तास. लिहून घे."

तिनं साडेसातचं काढलं.

माझी शाळा तिसरीपर्यंत, पण रस्ते पाठ. वीस वर्षं न्हावऱ्याचा कांदा ट्रकनं वाशीच्या मार्केटला नेला. भरलेल्या ट्रकला तळेगावपासून चार तास लागायचे. कार तर पळतीच, असा माझा हिशोब. पण कांदा पहाटेच्या बाजाराला लागतो, म्हणून आम्ही रात्रीचे जायचो, तेही शिक्रापूर-चाकणवरून. पुणे शहरात ट्रक कधी घातलाच नव्हता. आन् हा होता शनिवार, निघालो भर दुपारी दोनला. विमानतळावरून शहराबाहेर पडायलाच पावणेदोन तास गेले.

घाटात नसरीन म्हणाली, "आप्पा, एअरलाईनला फोन करून बघू का? उशीर होतोय म्हणते."

"काय गरज न्हाई. पोचतोय की."

पोचत नाही, हे मला तवाच कळलं होतं. तरी बोललो. तिनं फोन पर्समध्ये ठेवला.

पोचलो तवा सात वाजून गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, साडेसहाच्या आत फोन केला असता तर अकराच्या विमानात जागा दिली असती. आता ते भरलं."

नसरीननं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी दवाखान्याला फोन लावला, हिंदीत धा वेळा सॉरी म्हणाली. मग घरी लावला. "अब्बा, रस्त्यात गर्दी होती."

माझं नाव घेतलं नाही. मी तिची बॅग धरून तिथंच उभा. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यानं दोन दिवस दिले, दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट मिळालं. रात्री ती कुर्ल्याला मावशीकडं राहिली. मला वर बोलावलं, पण मी गाडीतच झोपलो. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी मी चार तास आधी गाडी दारात लावली. नसरीन पुढं येऊन बसली, मोबाईल समोर ठेवला.

"आप्पा, आज ह्याला बोलू द्या."

"व्हय," म्हणालो. मोबाईलमधली बाई डावीकडं म्हणाली की डावीकडं.

आता कुणी वेळ विचारली की मी आधी वार विचारतो. मग म्हणतो, मोबाईल बघा आन् वर दोन तास धरा. अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. ते मला त्या दिवशीही बरोबर माहीत होतं.