पिळलेल्या छताखाली हळद

ओवे गावच्या आमच्या काकांची जमीन सरकारी प्रकल्पात गेली आणि मोबदल्यातून बंगला आला. मुलाच्या हळदीला अंगणावर पत्र्याचं कायमचं छत पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. कुठल्याशा हॉटेलात त्यांनी पिळलेलं छत पाहिलं होतं, समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली. कापडाचा मांडव काय, कोणीही घालतो म्हणे. आपल्याकडे पाहुणे वर बघत राहिले पाहिजेत.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. मेकॅनिकल इंजिनियर. घरच्यांना माझी डिग्री आजवर मिक्सर दुरुस्त करण्यापुरतीच दिसली होती. काकांनी नकाशा पुढे केला तेव्हा वाटलं, चला, एकदा तरी आपला शब्द चालेल.

"सांगाडा होईल काका, पण अख्खा पत्रा बसणार नाही."

काका हसले. "सगले पाइप सरल हायेत. सरल पाइपावर पत्रा का नाय बसनार रं?"

ही चूक करायलाही थोडी अक्कल लागते. तेवढीच त्यांच्याकडे होती. असं छत खरंच सरळ रेषांनी बनतं. पण प्रत्येक रेषा शेजारणीपेक्षा जराशी तिरकी असते. सपाट पत्रा एका अंगाने वाकतो, त्याची नळी होते, शंकू होतो. दोन अंगांनी उलटसुलट वाकवायचा तर तो ताणावा तरी लागतो, नाहीतर कापावा. मी समोरच्या भेळेच्या कागदाचा शंकूसारखा पुडा करून दाखवला. मग तोच कागद उलगडून त्यांच्या हातात दिला, म्हटलं, आता याचं घोड्याचं खोगीर करा. त्यांनी तो चुरगळला.

"कागद हाय तो. पत्रा दमदार असतो."

"मग अरुंद पट्ट्या कापून लावा."

"पट्ट्या? आमी काय भंगारवाले हाव?"

कळंबोलीहून अख्खे पत्रे आले. वेल्डरकडून ते दाबून, ठोकून, स्क्रू मारून बसवून घेतले. जागोजाग फुगे आले. काका म्हणाले, रंग दिला की दिसणार नाहीत.

हळदीच्या दिवशी ऊन उतरलं, दिवसभर तापलेला पत्रा निवू लागला, तसे ते फुगे आत-बाहेर उडू लागले. टण्ण. मग पलीकडे, टण्ण. हळद लावणाऱ्या बायका दचकून वर बघायला लागल्या.

"काय रं दादा, वर माकडा नाचतान काय?" नवरदेवाच्या मामाने काकांना विचारलं. अख्खं अंगण हसलं.

काका शांतपणे म्हणाले, "डिझाइन आमच्या पुतन्याचा हाय. इंजिनियर हाय ना तो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कॉलेजातली मराठी त्या क्षणी कुठल्या कुठे गेली.

"माजा नाय. मी नाय म्हनलो व्हतो. पट्ट्या कापा म्हनलो, तर काकांना भंगार वाटला."

"बरा बरा, बस आता. जेवून घे," काका म्हणाले.

जेवलो. दोनदा रस्सा मागून घेतला. छत माझं नव्हतं, मग मी कशाला उपाशी उठू? पाहुणे मात्र, काकांची इच्छा होती तसे, पानं उठेपर्यंत वर बघत राहिले.