काकांच्या दारावरचा चिनी आरसा

आमच्या काकांच्या दारावर एक चिनी आरसा होता. तो आठवला की आजही माझं डोकं तापतं. आठ कोनांची लाल-पिवळी चौकट, तिच्यावर काळ्या तुटक रेघा आणि मधोमध बशीएवढा आरसा. दोन हजार सालानंतर या वस्तूंचं खूळ आमच्या वसमतपर्यंत आलं. हसणारा ढेरपोट्या म्हातारा, तोंडात नाणं धरलेला बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली नाणी, सगळं दुकानात लिंबू-मिरचीच्या शेजारी जाऊन बसलं.

काकांनी आरसा नांदेडहून आणला, नातू झाला तेव्हा. सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. पण आमची गल्ली या दोन घरांपाशीच संपत होती. त्यांच्या दारासमोर फक्त आमचं दार होतं, आणि त्या दारात सकाळ-संध्याकाळ माझी आई बसायची. वडलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"समोरून जे वाईट येतं ते परत जातं, वयनी. बाकी काई न्हाई," काका आईला म्हणाले. "तुमी मनावर घेऊ नका."

समोरून दुसरं कोण येणार होतं?

आणि ही आई कोण, तर गल्लीतल्या रडणाऱ्या प्रत्येक लेकराची दृष्ट काढणारी. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन उतरवायची आणि चुलीत टाकायची. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, की नजर होती असं समजायचं. काकांच्या मुलाची दृष्टसुद्धा लहानपणी तिनंच काढलेली. नवरा होता तोवर तिच्या मुठीत गुण होता. नवरा गेला आणि तिच्या डोळ्यांत विष आलं.

आरशासोबत हिंदीत छापलेला कागद होता. काकूनं तो माझ्याकडून वाचून घेतला, कारण मी हट्टा गावच्या शाळेत शिकवायची. चीनमध्ये म्हणे दुष्ट आत्मा सरळ रेषेतच चालतो, म्हणून समोरासमोरची दारं वाईट. दारावर आरसा टांगला की त्याला स्वतःचं तोंड दिसतं आणि तो भिऊन पळतो. त्याला पाय उचलता येत नाही म्हणून उंबरठे उंच ठेवतात. नव्या वर्षाला दाराच्या फळ्यांवर शस्त्रं घेतलेल्या द्वारपालांची चित्रं चिकटवतात. एरवी मला गंमत वाटली असती. आपणही काळी बाहुली टांगतो, घोड्याची नाल ठोकतो. पण तिकडच्या माणसानं आरसा भुतासाठी लावला, आमच्या काकांनी माझ्या आईसाठी. मी हे काकूला तोंडावर सांगितलं.

"लेकरासाठी करावं लागतं माय," ती खाली बघत म्हणाली.

आमच्या लोकांना भिंतीवर काही टांगलं की पुजल्याशिवाय राहवत नाही. काकू रोज आंघोळ झाली की आरशाला हळदीकुंकवाची ओली बोटं लावायची. महिन्याभरात आरसा बुजला. मला बरं वाटलं. मग काकांनी तिला झापलं आणि मधला भाग पुसून घेतला. कडेनं हळदीकुंकू आणि मधोमध आमचं दार, असं त्यात दिसायला लागलं.

आई मागच्या दारानं जा-ये करू लागली. मागं उघडी नाली होती, पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची.

मी नांदेडला जाऊन त्याहून मोठा आरसा आणला. शेरास सव्वाशेर. स्टुलावर चढून खिळा ठोकायला लागले तशी आई आतून आली.

"काय करून राहिलीस?"

"त्यांचं त्यांना परत."

"आन ते जाऊन पडंल कुठं? त्या घरात पाळणा हाय."

"तुझा विश्वास आहे का असल्या आरशावर?"

"न्हाई. पण तुझ्या रागावर हाय. उतर खाली."

मी उतरले. त्या दिवशी मला काकांपेक्षा आईचा जास्त राग आला.

श्रावणात एका संध्याकाळी काकू नातवाला पदराखाली घेऊन आली. मागच्या दारानं, नाली ओलांडून. दुपारपासून पोरगं रडून निळं पडलं होतं. "जाऊबाई, एकदा उतरवून बघा," म्हणाली.

"पुढच्या दारानं या की, आरशासमोरून," मी म्हणाले.

"तू गप," आई मला म्हणाली आणि मीठ-मोहरी घेऊन बसली. मिरच्या चुलीत पडल्या आणि तिघींनाही ठसका लागला.

"नजर न्हाई," आई खोकत म्हणाली. "पोट दुखून राहिलं त्याचं." तिनं ओवा गरम करून फडक्यात बांधला आणि पोट शेकलं. पोरगं तिच्या मांडीवरच झोपलं.

सकाळी ते हसत-खेळत होतं. काकांनी आरशासमोर नारळ फोडला. आरशानं लेकरू वाचवलं, असं गल्लीभर सांगितलं. काकू तिथंच बसून खोबऱ्याचे तुकडे करत होती.

नंतर ती खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आली. तोही मागच्या दारानं. आईनं कपाळाला लावून खाल्ला. माझ्या हातातला तुकडा मी नालीत फेकला.