कपाटामागची भिंत

देवावर विश्वास नसलेली माणसं मला पुष्कळ भेटली आहेत, पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शेजारचे काका. तळवड्यातल्या आमच्या आळीत एकमेकांना खेटून आठ बैठी घरं आहेत. त्यातलं तिसरं त्यांचं, चौथं माझं, म्हणजे शाळामास्तराचं. काकांनी चाकणच्या एका कारखान्यात अख्खी नोकरी तपासणी विभागात काढली. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण तपासणीने काही त्यांना सोडलं नाही. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका केसाचीही जाडी मोजणारा व्हर्नियर ठेवतात. पँटच्या खिशात टेप असतो तो वेगळाच. त्यांच्यासमोर कुणी 'अंदाजे' म्हणालं, तर लहान मुलांदेखत शिवी दिल्यासारखं तोंड करतात.

माझ्या मुलीची उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर तेच नोंदवतात, आणि तिने टाचा उचलल्याचा संशय आला तर "फेरतपासणी!" म्हणून पुन्हा उभं करतात. आळीत कामाला आलेला सुतार काका दारात दिसले की उद्या येतो म्हणून सटकतो. कोपऱ्यावरच्या घरात पोळीभाजीचे डबे करणाऱ्या मावशी राहतात. कंपन्यांतली एकटी पोरं त्यांच्याकडचे डबे नेतात. एकदा काकांनी त्यांच्या पोळीला व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "मावशी, कडेला जाड आहे." मावशींनी लाटणं उचललं. "व्हय का? मंग ह्येनं तुमचं डोस्कं मोजू का?" त्या दिवसापासून पोळी मोजणं थांबलं, निदान मावशींच्या समोर तरी.

स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी कहरच केला. स्थळाच्या माहितीत मुलाची उंची पाच फूट नऊ इंच लिहिली होती. चहा-पोहे झाल्यावर काकांनी मुलाला भिंतीशी उभं केलं. अर्धा इंच कमी भरला. मुलाचे वडील घामाघूम झाले, काकू पदराने तोंड झाकून आत गेल्या. काकांनी जरा विचार केला आणि जाहीर केलं, "टॉलरन्समध्ये आहे. पास." टॉलरन्स म्हणजे ठरलेल्या मापाच्या किंचित अलीकडंपलीकडं चालवून घ्यायची मुभा, हे मग त्यांनी व्याह्यांना पाऊण तास समजावून सांगितलं. जावई अजूनही सासऱ्यांपुढे ताठ उभा राहतो.

मागच्या वर्षी मिळकतकराची बिलं आली आणि मावशी आपलं बिल घेऊन काकांच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडचा नियम असा, की ठरावीक चौरस फुटांच्या आतलं ते छोटं घर, त्याला कर हलका. त्या रेघेपलीकडे एक फूट जरी गेलात, तरी अख्ख्या घराला चढा दर. मावशींचं घर दोन खोल्यांचं, आणि बिल मोठ्या घराचं. चूक कुणाची म्हणाल, तर मावशींच्या दिवंगत यजमानांची. घराची नोंद करायच्या वेळी मुलासाठी स्थळं बघणं चाललं होतं. मुलीकडच्यांना कागदावर घर भरभक्कम दिसावं म्हणून त्यांनी अर्जात अंगण धरलं आणि म्हशीचा गोठासुद्धा खोली म्हणून लिहून टाकला. सून आली आणि मुलाला घेऊन संभाजीनगरला गेली. म्हैस विकली, गोठा पडला. कागदावरचं घर मात्र तेवढंच राहिलं.

"इतकी वर्सं भरलं कसंबसं," मावशी म्हणाल्या. "आता न्हाई जमत. आतली खोली भाड्यानं देते कंपनीतल्या पोरान्ला. मी पडंन शेगडीपाशी." त्यांचे गुडघे मी रोज पाहतो. दोन शेगड्या आणि पिठाचा डबा यांच्यामधल्या जागेत ही बाई झोपणार कशी आणि उठणार कशी, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

काका म्हणाले, "खोली कुणाला द्यायची नाही. मी बघतो."

त्यांनी घराचा नकाशा काढला. वरून, समोरून आणि मधोमध कापल्यावर कसं दिसेल तेही. गोठ्याच्या जागी तुटक रेघांनी म्हैस काढून खाली लिहिलं, 'सध्या अस्तित्वात नाही'. करसंकलनाच्या कार्यालयात मीही बरोबर गेलो होतो. तिथले साहेब म्हैस बघून खो खो हसले, पण भले गृहस्थ होते. म्हणाले, "काका, एकट्या मावशींचं माप कमी केलं तर बाकीचे विचारणार. मोजायची तर अख्खी आळी मोजू. चालेल?"

काकांनी खिशातला टेप बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. मोजायचं म्हटल्यावर त्यांना असं अडखळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "मोजा."

परत येताना बसमध्ये मात्र त्यांची गाडी सुरू झाली. "मास्तर, रेघेच्या अलीकडं माणूस गरीब, आणि पलीकडं एक फूट गेला की श्रीमंत? एका फुटात काय हो मावतं? धड पिंपसुद्धा मावत नाही! लोखंडाच्या पार्टला टॉलरन्स असतो, घराला का नको? जेवढं रेघेबाहेर जाईल तेवढ्यालाच चढा दर लावा की राव!" कंडक्टरसह सगळ्या बसने मान डोलावली.

मोजणीला एक तरुण इंजिनिअर आला. मावशींच्या घरी टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं होतं. घर रेघेच्या आत बसलं, चांगलं ऐसपैस बसलं. मावशींनी तिथेच डोळे पुसले आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. दुसरं घर झालं. तिसऱ्या घरात, म्हणजे काकांच्याच घरात, इंजिनिअरने लोखंडी कपाटापर्यंत टेप लावला, वहीत लिहिलं आणि म्हणाला, "थोडक्यात बसलात बघा आत."

"कपाट हलवा," काका म्हणाले.

"राहू द्या हो काका."

"साहेब, भिंत कपाटामागं आहे."

कुणी जागचं हललं नाही, तेव्हा काकांनी स्वतःच खांदा लावला. मग मला लावावाच लागला. मागे कोळ्याची जाळी होती, एक जुनं कॅलेंडर होतं, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला आकडा. अक्षर काकांचं. इंजिनिअरने टेप भिंतीपर्यंत नेला. बरोबर तोच आकडा आला. "नापास," इंजिनिअरच्या आधी काकाच म्हणाले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"न मोजता घर घेईन का मी?" ते माझ्याकडे न बघता बोलले. "नोंद करायला आला होता त्यानं कपाटापर्यंतच मोजलं. मी बोललो नाही. अख्ख्या नोकरीत एक खोटा पार्ट सोडला नाही मास्तर. हा एक सोडला."

"मग अख्खी आळी मोजायला हो का म्हणालात?"

"मावशींची खोली जात होती ना."

काकांचा अर्ज, घरांना टॉलरन्स द्यावा असा, तेव्हापासून कार्यालयात पडून आहे. दर महिन्याला जाऊन ते तो जागेवर आहे का बघून येतात, आणि निकाल आपल्याच बाजूने लागणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. तोवर चढा कर भरायचा, म्हणून या वयात पुन्हा चाकणला जातात, एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस पार्ट तपासायला. डबा मावशी देतात. मला त्यांच्या मोजण्याचा पूर्वी कंटाळा यायचा. आता तो डबा हातात घेऊन ते सकाळी बसस्टॉपकडे जाताना दिसले की मी त्यांच्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत जातो.

त्यांच्या घरातलं कपाट अजून खोलीच्या मधेच उभं आहे. येता-जाता सगळ्यांना लागतं, काकू रोज बोलतात. परवा न राहवून मी म्हटलं, "काका, आता तरी मागं ढकलू या."

ते भिंतीवरच्या आकड्याकडे बघत राहिले. "राहू दे, मास्तर," म्हणाले. "इतकी वर्षं घरात राहिलो, पण या भिंतीकडं कधी नीट बघवलंच नव्हतं."