कोडं घालणाऱ्यानं उठायचं नाही

जिनं उभ्या जन्मात एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही आणि शेवटही पाहिला नाही, अशा बाईला जुन्या रहस्यपटांची नावं तोंडपाठ असावीत, हे कुणाला सांगून पटायचं नाही. पण बॅटरीबाईचं तसंच होतं. थिएटरात बाल्कनीच्या दाराशी ती हातात बॅटरी घेऊन उभी असायची. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांची रीघ लागायची. एका हातानं दाराचा जाड मखमली पडदा बाजूला धरायचा, दुसऱ्या हातानं उजेडाचा ठिपका पायऱ्यांवर टाकायचा आणि माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवून परत यायचं. तोवर समोर कुणीतरी मरून पडलेलं असायचं. आणि खुनी कोण ते उघड व्हायची वेळ आली, की बाहेरच्या दारांच्या कड्या काढायला धावायचं. मधला तेवढा सिनेमा तिच्या वाट्याचा.

वडील गेले तेव्हा ती नुकती शाळेतून बाहेर पडली होती. बायकांच्या बाजूला बाईमाणूसच हवं, म्हणून थिएटरच्या मालकानं तिला ठेवून घेतलं. आईला हे काम काही पसंत नव्हतं. खाली मान घालून जा आणि खाली मान घालून ये, असं ती रोज बजावायची. मान खालीच असते गं, पायऱ्या दाखवायच्या असतात ना, असं म्हणून ही चपला घालायची. देवानं जीभ तिखट दिली होती, पण मन मऊ दिलं होतं.

वर केबिनमध्ये ऑपरेटर असायचा. मोठा अबोल माणूस. त्याच्याकडे दोन मशिनं होती. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं, पहिलं संपतासंपता दुसरं सुरू करायचं, आणि मग संपलेलं रीळ हातानं उलटं गुंडाळत बसायचं. त्यामुळे प्रत्येक रिळाचा सुरुवातीचा भाग त्याच्या पाठीमागून निघून जायचा. त्याचा सिनेमा म्हणजे उंदरानं कुरतडलेली चादर. तो म्हणायचा, माझं भोक तुझ्या ठिगळानं झाकू, म्हणजे एकाला तरी पांघरूण होईल.

पण उघड बोलायची सोय नव्हती. रहस्यपटातली गोष्ट नोकरानं बाहेर फोडली तर त्याच दिवशी घरी पाठवायचं, असा मालकाचा दंडक होता, आणि जिन्याखाली चहा पिताना आजूबाजूला तिकिटं काढून थांबलेली माणसं कान टवकारून उभी. म्हणून ऑपरेटरनं कोडी घालायला सुरुवात केली. स्वतः पाहिलेला एखादा तुकडा उचलायचा, आडवळणानं सांगायचा, आणि सिनेमाचं नाव तिनं ओळखायचं. ‘ज्यानं विझवला, त्यालाच पुढचं दिसलं,’ असं तो म्हणाला की ही कपावरची फुंकर न थांबवता म्हणायची, ‘विझलेला कंदील’. ‘गाडी आली, उतरणारा उतरला नाही, सामान तेवढं उतरलं.’ त्यावर ती जरा वेळ घ्यायची आणि म्हणायची, ‘बेवारस पेटी’. ओळखलं की तो ‘बरोबर’ म्हणायचा. तेवढंच. पण त्या एका शब्दासाठी ही दुपारभर तरंगत असायची.

खेळाचा एक नियम होता. उत्तर मिळेपर्यंत कोडं घालणाऱ्यानं जागचं उठायचं नाही. दोघांचं लग्न झाल्यावर या नियमाचा तिनं यथेच्छ गैरफायदा घेतला. ऑपरेटर खुर्चीत बसून कोडं घालायचा, तिला ते कधीच सुटलेलं असायचं, पण ती बोलायची नाही. भांडी लावायची, कपड्यांच्या घड्या करायची, शेजारणीला हाक मारून तिच्या सुनेची चौकशी करायची. जेवण निवत असायचं आणि तो खुर्चीत बसून असायचा.

“तुला आलंय,” तो म्हणायचा.

“येईल हो. सावकाश येईल.”

नाव कळून धरून ठेवायचं, यात तिला एक वेगळीच गोडी होती. तेवढा वेळ तो आपला कुठेही जात नाही, हे तिला ठाऊक असायचं.

थिएटर बंद पडलं. मशिनं भंगारात गेली. ऑपरेटर घराच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत बसू लागला. दुपारच्या खेळाच्या वेळेला ती मटाराच्या शेंगा घेऊन समोर बसायची आणि खेळ चालायचा. सिनेमे तेच, कोडी नवी. मुलगा मोठा झाला, फिरतीच्या नोकरीला लागला, सून आली. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. बोलायला सुरीसारखी आणि वागायला लोण्यासारखी. तिला हा खेळ जमेना. सिनेमाच पाहिला नाही तर नाव कसं ओळखणार, असं ती म्हणाली, त्यावर सासू म्हणाली की पूर्ण तर आम्हीही पाहिलेला नाही.

मग ऑपरेटर आजारी पडला. दवाखान्यात भेटीची वेळ संपत आली होती. त्याला श्वास पुरत नव्हता, तरी त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि थांबत थांबत कोडं घातलं.

“माणसाला पोचवून सगळे घरी आले. हातपाय धुतले. तर तोच दारात उभा. म्हणाला, आत येऊ का?”

हे काय अभद्र, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या डोळ्यांत जुनी मिस्किली होती, म्हणून तिनं स्वतःला सावरलं. नाव मात्र आठवेना. या वेळी खरोखरच आठवेना.

“उद्या सांगते,” ती म्हणाली. “तोवर उठायचं नाही.”

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

लोक आले, रडले, गेले. बॅटरीबाईला रडूही नीट आलं नाही, कारण मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. जाणाऱ्या माणसाला आपण उठायचं नाही म्हणून सांगितलं. बजावून सांगितलं. आणि त्यानं मान हलवली. तो शब्दाचा पक्का होता.

थोड्याच दिवसांत दुपारी मागच्या खोलीतून आवाज येऊ लागला. कर्रर्र, एका लयीत. रीळ हातानं उलटं गुंडाळताना येतो तसा. दाराला साधा सुती पडदा होता. ती जवळ गेली की आवाज थांबायचा नाही, पण पडदा बाजूला केला की खोलीत काही नसायचं. फक्त तापलेल्या पत्र्याचा वास यायचा, केबिनच्या जिन्यावर यायचा तसा, आणि खुर्चीमागची भिंत हाताला कोमट लागायची. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नसे.

सुनेनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “आई, तो खालचा पाण्याचा पंप आहे.” पंप खरंच खडखडत होता. मग पंप दुरुस्त झाला. आवाज येतच राहिला. सून म्हणाली, मिस्त्रीच कामचुकार. पण सुट्टीच्या दिवशी ती दुपारी घरी होती, तेव्हा तिनं एक पाहिलं. सासू मागच्या खोलीच्या दाराशी उभी, एका हातानं पडदा बाजूला धरलेला, अंग चोरून, जणू कुणाला तरी जायला वाट देत होती. बराच वेळ. मग पडदा सोडून ती ओट्याकडे वळली. त्यानंतर तिनं पंपाचं नाव काढलं नाही.

उलट सासूकडून ते शेवटचं कोडं ऐकून घेतलं आणि कामाला लागली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर जुन्या भुताच्या सिनेमांची नावं शोधायची आणि घरी येऊन वाचून दाखवायची. मेलेला परत येतो असे सिनेमे काय थोडे आहेत. पण प्रत्येक नावावर सासूची मान नकारार्थी हलायची. हा आपल्याकडे लागलाच नव्हता. यातला माणूस मेलेलाच नसतो. यात दार नाही, खिडकी आहे. सून एकदा वैतागून म्हणाली की बाबांनी मनानंच रचलं असेल. सासू म्हणाली, रचण्यातला माणूस नव्हता तो. जे पाहिलं तेवढंच सांगायचा.

रोज देवापुढे बसून ती एकच मागायची. मला नाव आठवू दे आणि त्यांना मोकळं कर. आपण अडकवलेला जीव आपणच सोडवायचा असतो, देव त्यात फार तर हात देतो, असं तिचं म्हणणं होतं.

देवानं हात दिला तो तिकीटमामांच्या रूपानं. हे थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसायचे. आता पुतण्याच्या किल्ल्या बनवायच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचे. तिला पाहून म्हणाले, बॅटरीबाई, कुलूप हरवलं की किल्ली? तिनं चेष्टा कानाआड केली आणि कोडं जसंच्या तसं सांगितलं. मामा हातातली किल्ली चोळत राहिले.

“असा सिनेमा नव्हताच,” शेवटी ते म्हणाले. “असा खेळ झाला होता. एकदाच, आपल्याकडे.”

मग त्यांनी सांगितलं. सिनेमा होता ‘तळघरातला भाडेकरू’. त्यात भूत नाही की बित नाही. भाडेकरू प्रवासाहून परततो, घरमालकिणीच्या दारात उभा राहून ‘आत येऊ का’ विचारतो, आणि पुढच्या रिळात त्याचा खून होतो, त्याला पोचवतात. पण त्या दिवशी मध्यंतरानंतर ऑपरेटरनं पुढचं रीळ आधी लावलं. माणसाला पोचवून मंडळी घरी आली आणि तोच माणूस दारात. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू यावी. बाल्कनीत एकजण शिट्टी मारायला गेला, तर त्याची शिट्टीच वाजेना. दुसऱ्या दिवशी रिळं सरळ लागली, तेव्हा लोक खिडकीवर भांडायला आले, कालचा भुताचा कुठे गेला म्हणून. मामांनी त्यांना सांगितलं की भुताला साप्ताहिक सुट्टी आहे.

“त्यानं मला शपथ घातली होती,” मामा म्हणाले. “रीळ चुकवलं तो ऑपरेटर कसला, म्हणायचा. तुला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. पण तू दाराशी असून तुला दिसलं कसं नाही?”

कसं दिसणार? ती दाराशी नव्हतीच.

त्याच मध्यंतरात ती केबिनचा लोखंडी जिना चढून गेली होती. ऑपरेटरनं तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिनं कितीतरी दिवस उत्तर दिलं नव्हतं. केबिनच्या दारात उभं राहून तिनं एवढंच सांगितलं, की घरी येऊन आईला विचारा. त्याच्या हातात रीळ होतं. ती खाली आली आणि जन्मात पहिल्यांदा आपली जागा सोडून बाहेरच्या सज्जात जाऊन उभी राहिली. भर उन्हात, हातातली बॅटरी पेटलेली, आणि ती विझवायचंही तिला सुचलं नव्हतं.

म्हणजे हे मरणाचं कोडं नव्हतं. जन्मभर झाकून ठेवलेली एकुलती एक चूक त्या माणसानं जाताना तिच्या हाती दिली होती.

घरी आली तेव्हा दुपार होती. मागच्या खोलीत आवाज चालू होता. ती पडद्याशी गेली, नाव अगदी जिभेवर आलं, आणि तिनं तोंड मिटलं. सांगितलं की तो उठणार. सांगितलं नाही तर बसेल.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, मामांकडे गेला होतात ना, मिळालं का नाव. “नाही,” बॅटरीबाई म्हणाली. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. त्या दिवसापासून देवापुढे बसायची, पण वर बघायची नाही. दुपारी मात्र खोलीच्या दाराशी पाट टाकून बसायची, शेंगा सोलायची, आत ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. दूध नासलं, मुलाचा फोन आला, शेजारणीची सून माहेरी गेली. चेहऱ्यावर तेज आलं होतं. सून ते पाहायची आणि दुकानात जायची.

हे चाललंही असतं तसंच. पण आवाज बदलला. लय तुटायला लागली. दोन फेरे झाले की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, ओढल्यासारखा. तिला ते लगेच ओळखू आलं. शेवटच्या वर्षांत सलग खेळ असले की ऑपरेटरचा उजवा खांदा भरून यायचा, आणि तो असंच थांबत थांबत रीळ गुंडाळायचा. ती मग वर जाऊन म्हणायची, द्या इकडे, मी फिरवते. आता फिरवायला काही नव्हतं. आत एक दमलेला माणूस बसला होता. तिनं बस म्हटलं होतं, म्हणून तो बसला होता.

तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. उठली, एका हातानं पडदा धरला आणि अंग चोरून उभी राहिली.

“तळघरातला भाडेकरू,” ती म्हणाली. “रिळं उलटी लागली होती.”

आवाज थांबला. ‘बरोबर’ म्हणणारं कुणी नव्हतं. तरी तिनं वाट पाहिली.

“उठा आता,” ती म्हणाली.

माणसाला खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला आणि दारातून जायला जितका वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ तिनं पडदा धरून ठेवला. मग आत जाऊन भिंतीला हात लावला. भिंत गार होती.

संध्याकाळी सून आली. एक चप्पल काढली, दुसरी पायातच, आणि उंबऱ्यातच थबकली. तिची नजर आधी मागच्या खोलीकडे गेली, मग सासूकडे.

“आई, आज घर इतकं रिकामं का वाटतंय?”

बॅटरीबाईनं दुधाखालचा गॅस बारीक केला.

“रिकामंच आहे,” ती म्हणाली.