पगार वाढला आणि हे गप्प झाले

आमच्या ह्यांना गाद्यांच्या कारखान्यात सगळे ‘कुंभकर्ण’ म्हणायचे. कारण साधं. खोळ शिवण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अख्खी गादी एकट्याने करायची आणि झाली की तिच्यावर खुशाल आडवं व्हायचं. आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. कमरेखाली कुठे गाठ लागली की टाके उसवून कापूस पुन्हा पसरायचा. जुन्या मालकांनी हे चालवून घेतलं होतं. माझं मात्र डोकं फिरायचं. घरी पाठ टेकायला वेळ नाही म्हणणारा माणूस कामावर जाऊन लोळतो आणि वर त्याचा पगार घेतो!

पुढे मालकांची लेक कारभार बघायला लागली. पोरगी हुशार, बोलायलाही गोड. तिने कामं वाटून दिली. एकाने खोळ शिवायची, दुसऱ्याने कापूस भरायचा, ह्यांनी फक्त टाके घालायचे. लोळणं बंद. बदल्यात पगार दीडपट. मला तर आकाश ठेंगणं झालं. थोरलीच्या कॉलेजच्या फीचा घोर लागला होता, तो मिटला.

आणि हे गप्प झाले. आधी फार बडबडे होते अशातला भाग नाही, पण भाजीत मीठ जास्त पडलं की टोमणा तरी मारायचे. आता ताटात पडेल ते मुकाट गिळायचे. एक दिवस म्हणाले, नोकरी सोडतो. मी अशी भडकले की विचारू नका. चार पैसे जास्त मिळायला लागले तर तुमच्या पोटात दुखतं का, पोरीच्या शिक्षणाचं काय, सगळं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“दिवसभर हात चालतात गं,” ते म्हणाले. “पण संध्याकाळी एकही गादी माझी नसते.”

मला काही ते पटलं नाही. सुट्टीच्या दिवशी बाजारातून आले, तर घरभर कापूस. आमची जुनी गादी उसवून ह्यांनी नव्याने भरायला घेतली होती. केसांत कापूस, मिशांत कापूस, आणि चक्क शीळ घालत होते. इतके दिवस हा माणूस होता कुठे?

मग मीच म्हटलं, “उद्या जाऊन सांगा तिला. वाढ नको, पूर्ण गादी द्या म्हणावं.”

तिने आढेवेढे घेतले. एकाला दिलं की सगळे मागतील, असं तिचं म्हणणं. शेवटी जुन्या पगारावर कबूल झाली. तो पगार माझ्या हातात ठेवताना हे खाली मान घालून उभे.

“मान वर करा,” मी डाफरले. “मी काय पगाराशी लग्न केलंय?”

फीसाठी मी कारखान्याच्या खोळी घरी शिवायला घेतल्या. नगावर पैसे मिळतात, वेळेवर मिळतात, तक्रारीला जागा नाही. शिवायच्या, गठ्ठा बांधायचा, पाठवून द्यायचा. परवा ह्यांना वाढता वाढता मी विचारलं, मी शिवलेल्या त्या निळ्या पट्ट्यांच्या खोळीची गादी कशी झाली हो?

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता चिडवणार.

“उद्या चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “दाखवतो.”