तीन महिने दार लावून बसायचं होतं फक्त

आमचा दादा कॅन्सरने गेला नाही. शेजाऱ्यांच्या प्रेमाने गेला.

आज वर्ष झालं. लोक अजून भेटले की म्हणतात, "मिलिंद म्हणजे लाख माणूस." मी मान डोलावते आणि आतून धुमसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादाला मायलोमा होता, रक्ताचा कॅन्सर. परळच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट ठरवलं, पण त्याच्याच पेशींनी.

आधी इंजेक्शनं. मग मशीनला जोडून रक्त फिरवलं, त्यातल्या स्टेम सेल्स काढून गोठवल्या. मग असा जबरी केमो की आतलं सगळं साफ. आणि मग त्या पेशी परत त्यालाच.

"कोणाचंच काही नको?" दादाने तीनदा विचारलं.

"नको. तुमचं तुम्हालाच."

चेहरा पडला याचा. इकडे चाळीत बावीस जण रक्त तपासायला तयार होऊन बसलेले. त्यांना वाईट वाटेल, ही याची काळजी.

पेशी रुजल्या. काउंट वर आले. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी एकच गोष्ट चार वेळा सांगितली: प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाएवढी आहे. तीन महिने गर्दी नाही, भेटायला कोणी नाही.

आता हे लालबागच्या चाळीत कोणाला सांगता?

वहिनीने दारावर कागद लावला, "कृपया भेटायला येऊ नये." लोक तो मोठ्याने वाचायचे आणि आत यायचे.

"अगं, ते बाहेरच्यांसाठी. आम्ही काय बाहेरचे?"

हातात शहाळं, नाकाला रुमाल, वर सर्दी झालीय म्हणून सांगणार.

आणि हा आतून, "येऊ दे गं. बस रे."

डोकं फिरायचं माझं.

चाळीत कोणी गेलं की पहिला फोन दादाला. गाडी सांगा, दाखला काढा, पांढरं कापड, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, शिवडीच्या स्मशानात शेवटपर्यंत थांबा. वीस वर्षं हेच. म्हणून वहिनीने त्याचा मोबाईलच काढून घेतला. कोणीही जावो, तीन महिने दादाला कळू द्यायचं नाही.

घरी येऊन महिना होत आला आणि तिसऱ्या मजल्यावरचे जाधवकाका, रवीचे पप्पा, गेले.

दादा मास्क लावून निघाला. "दहा मिनिटांत येतो."

चार तासांनी आला. खांदा पण देऊन आला. मी नको नको ते बोलले. तर म्हणतो कसा, "सुमे, रवीला एकट्याला जमलं नसतं गं."

पाचव्या दिवशी ताप. मग न्यूमोनिया. मग व्हेंटिलेटर. ज्यांनी त्याला बरं करून घरी पाठवलं होतं, त्याच डॉक्टरांनी त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही केली.

वहिनी वर्षभर एकच विचारतेय, ह्यांना कळलं कसं? तिला वाटतं, गॅलरीतून कोणीतरी हाक मारली असेल. त्या संशयावरून शेजारच्या दोघींशी बोलणं टाकलंय तिने.

वहिनी, मी सांगितलं.

तू औषधं आणायला दादरला गेली होतीस. दादाचा मोबाईल माझ्याकडे होता. रवीचा फोन आला, रडत होता. "ताई, पप्पा गेले. दादाला दे ना."

झोपलाय म्हणायचं होतं, बास. दादा समोर भात कालवत बसला होता. पण बाप गेलेल्याला खोटं कसं सांगायचं, हे मला येत नाही. आपल्या घरात कोणालाच कधी आलं नाही.

मी फोन पुढे केला.

वर्षभर दादावर चिडत राहिले, कारण तो उलट बोलणार नाही, हे माहीत होतं.

हे इथे लिहिण्याआधी तुला सांगायला हवं होतं. सकाळपासून तीनदा फोन लावला आणि कट केला. त्या दोघींशी बोल, त्यांचा काही दोष नाही. संध्याकाळी घरी येतेय. काय बोलायचं ते मला बोल.

दादा, तुला आदरांजली. माफी मागायची हिंमत अजून होत नाही.

जय भीम.